ठासणीच्या बंदुकीची माशी : भीमा-घोडकाठच्या लोहारकामातील एक विसरलेले प्रकरण



आपल्या लोहार ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे लेखणी प्रथम नांगराच्या फाळाकडे वळते, आणि ते योग्यच आहे. फाळ, कुळवाची फास, विळा, खुरपे, कुऱ्हाड, गाडीच्या चाकाची धाव ही सारी कामे ज्याच्या भात्यावर होत, तो लोहार बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्यावाचून गावगाड्याचे चाक फिरत नसे. परंतु याच भट्टीवर, याच ऐरणीवर आणखी एक काम होत असे. त्याची नोंद कोणत्याही वतनाच्या कागदात सहसा सापडणार नाही, आणि नव्या पिढीस त्याचे नावही ठाऊक नाही. ते काम म्हणजे ठासणीच्या बंदुकीची दुरुस्ती. आणि त्यातही नाजूक असे काम म्हणजे बंदुकीची सैल झालेली माशी पुन्हा जागेवर घट्ट बसविणे.

विषय लहान आहे हे मी जाणतो. गव्हाच्या दाण्याएवढ्या धातूच्या तुकड्यावर स्मरणिकेची पाने का खर्चावीत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेख वाचून संपेपर्यंत वाचकांस आपोआप मिळेल, अशी आशा आहे.

माशी म्हणजे काय?

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या नळीत तोंडाकडून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावी लागते, ती बंदूक. बार पेटविण्याच्या रीतीवरून तिचे तीन प्रकार झाले. पहिली तोड्याची बंदूक. तिच्या नळीच्या बुडाशी कान म्हणून एक बारीक छिद्र असे. कानाजवळ रंजक म्हणजे बारीक दारू ठेवीत आणि जळता तोडा तीवर आणून बार उडवीत. दुसरी चकमकीची. तिच्या घोड्यात गार बसविलेली असे व ती पोलादावर आपटून ठिणगी पडे. तिसरी केपाची. हिच्यात तांब्याची लहानशी टोपी एका निपलावर बसवीत व घोडा तिच्यावर आपटे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही तिसरी तऱ्हा जगभर रूढ झाली.

नेम धरण्यासाठी नळीच्या तोंडाजवळ वरच्या अंगास जो लहान उंचवटा असतो, त्यास आपल्या भाषेत माशी म्हणतात. नळीवर खरोखरच एखादी माशी येऊन बसावी तसा तो दिसतो. नळीच्या मागल्या बाजूस एक खाचेची पट्टी असते. मागची खाच, पुढची माशी आणि सावज ही तिन्ही एका रेषेत आली म्हणजे नेम साधला. शाळेत आपण 'शिस्त' हा शब्द वर्तणुकीच्या अर्थाने वापरतो. परंतु जुन्या मराठीत शिस्त म्हणजे नेम, आणि 'शिस्त धरणे' म्हणजे बंदूक रोखणे. पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिस्त लावण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास हा अर्थ कळला तेव्हा मौज वाटली.

थोडा पूर्वेतिहास

बंदूक घडविणे ही विद्या हिंदुस्थानात परकीयांनीच चालविली, असा एक गैरसमज आहे. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त बादशाही कारखान्यात बंदुकीच्या नळ्या कशा घडवीत याचे वर्णन आहे. एका जनावराच्या बळावर फिरणाऱ्या चाकाने एका वेळी सोळा नळ्या आतून साफ करण्याच्या यंत्राचाही उल्लेख त्यात आहे. अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव 'संग्राम' होते, आणि इ. स. १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडावर त्याने याच बंदुकीने गोळी झाडली, असे सांगतात. लोखंडाचा पत्रा वळवून, कडा तापवून, ठोकून एकजीव करावयाच्या आणि आतील पोकळी दोरीसारखी सरळ ठेवावयाची, हे काम करणारे हात लोहाराचेच होते.

आपल्या शिरूर-दौंड भागाचा बंदुकीशी संबंध कसा आला तेही पाहावे. इ. स. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला आणि त्यानंतर घोड नदीच्या काठी शिरूर येथे इंग्रजांची छावणी पडली. गावास घोडनदी हे नाव नदीवरून मिळाले. त्या छावणीतील कर्नल वॉलेस हा अधिकारी इ. स. १८०९ मध्ये वारला. त्याची कबर शिरुरात आहे आणि लोक त्यास सत्पुरुष मानून भजू लागले. पुढे १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री याच छावणीतून कॅप्टन स्टॉन्टन आपली तुकडी घेऊन पुण्याकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेच्या काठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. कंपनीच्या त्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते; पेशव्यांच्या बाजूने चढाई करणाऱ्या पायदळात अरब होते. दिवसभर पाण्यावाचून चाललेली ती लढाई आपल्या तालुक्याच्या भूमीवर झाली.

त्या लढाईच्या काळातील बंदुकांविषयी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कंपनीच्या शिपायांजवळ जी चकमकीची बंदूक असे, तिची नळी ३९ इंच लांब व तिचे तोंड पाऊण इंच रुंद होते. मात्र तिला खरी माशी नव्हतीच. संगीन अडकविण्यासाठी नळीच्या तोंडाशी जो लोखंडी खुंट होता, त्यावरूनच शिपाई अंदाज घेई, आणि संगीन चढविली की तोही झाकला जाई. कारण त्या फौजेची रीत एकेकट्याने नेम धरण्याची नव्हती. रांगेने उभे राहून एकदम बार काढण्याची होती. याउलट देशी तोडेदार बंदूक लांब नळीची, माशी आणि मागची खाच असलेली, आणि सावकाश नेम धरून सोडावयाची. म्हणजे माशीची खरी गरज होती ती पागेदाराला, जागल्याला, गढीच्या बुरुजावरील पहारेकऱ्याला आणि रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या कुणब्याला. ही माणसे खेड्यात राहत, आणि त्यांची बंदूक नादुरुस्त झाली म्हणजे ती गावच्या लोहाराकडेच येई.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. शस्त्रांच्या कामात आपण एकटे नव्हतो. तलवारीस धार व झिलई देणारे शिकलगार, खोगीर करणारे आणि बंदुका दुरुस्त करणारे जीनगर, तसेच बंदुकीचा लाकडी दस्ता करणारे सुतार या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. त्यांचे श्रेय त्यांस देऊनच आपण आपल्या वाट्याविषयी बोलले पाहिजे.

माशी सैल का होते?

माशी नळीवर दोन प्रकारे बसविलेली असते. एका प्रकारात नळीवर आडवी खाच कापलेली असते. तिचे तोंड अरुंद व तळ रुंद असतो, आणि माशीचा पाया त्याच आकाराचा करून तो बाजूने ठोकून आत सरकवितात. दुसऱ्या प्रकारात माशी नळीवर ठेवून डाक लावून चिकटवितात. जुन्या तोडेदारांत हा प्रकार पुष्कळ आढळतो.

सैल होण्याची कारणे साधी आहेत. प्रत्येक बाराचा धक्का बसतो. घाईने ठासताना गज निसटून माशीवर आदळतो. बंदूक गवसणीतून ओढून काढताना कापड माशीला अडकते. भिंतीला टेकवून ठेवलेली बंदूक कलंडते आणि नेमकी माशीवर पडते. अशा लहान लहान कारणांनी खाचेची कड झिजते किंवा डाक फुटतो, आणि माशी हलू लागते.

ती थोडी हलली तर काय बिघडले? हा प्रश्न मी पूर्वी विद्यार्थ्यांना त्रैराशिकाचे उदाहरण म्हणून घालीत असे. मागची खाच आणि माशी यांच्यामध्ये ३० इंच अंतर आहे असे धरा. माशी पाव सूत, म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग, बाजूस सरकली. सावज १०० वारांवर, म्हणजे ३,६०० इंचांवर आहे. ३,६०० हे ३० च्या १२० पट. म्हणून तेथे चूक १२० पट होईल. इंचाचा बत्तिसावा भाग गुणिले १२० म्हणजे पावणेचार इंच. डोळ्यास जेमतेम दिसणारे सरकणे तेथे चार बोटे रुंद होते. काळजाचा नेम धरलेली गोळी मग रानडुकराच्या फऱ्यात लागते, आणि जखमी डुक्कर उलटून अंगावर येते. ज्याच्या हाती बंदूक आहे त्याचा जीव त्या पाव सुतावर टांगलेला असतो. माशी अजिबात पडून गेली, तर नेम धरणारा नळीचे तोंड नकळत वर उचलतो आणि गोळी सावजाच्या डोक्यावरून जाते.

दुरुस्तीची रीत

आमच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी हे काम होत असे. मी स्वतः शाळामास्तर झालो. परंतु लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलेला एक नियम माझ्या कायमचा लक्षात राहिला. ते म्हणत, "आधी गज, मग भाता." याचा अर्थ असा की, बंदूक हाती आल्यावर प्रथम गज नळीत सोडावयाचा, तोंडाशी त्यावर खूण करावयाची, मग तो बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहावयाचा. गजाचे टोक कानापर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी. दोन-चार बोटे अलीकडेच थांबत असेल तर आत बार भरलेला आहे असे समजावे. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी हे वरून दिसत नाही. ती वर्षानुवर्षे भरलेली राहू शकते आणि दारू कोरडी असेल तर वर्षानुवर्षांनीही उडते. अशी नळी जर कोणी विस्तवावर धरली, तर पुढे काय होईल ते सांगावयास नको. गिऱ्हाईक कितीही शपथेवर सांगो की बंदूक रिकामी आहे, गज घातल्यावाचून भात्यास हात लावावयाचा नाही, असा तो नियम होता.

त्यानंतर नळी गरम पाण्याने धुवावयाची. जळलेल्या दारूचा जो क्षार आत राहतो तो ओल धरतो व लोखंडास गंज आणतो. तेलाने तो जात नाही, पाण्याने जातो. धुऊन, पुसून, कोरडी करून मग तेलाचा हात द्यावयाचा.

खाचेतली माशी सैल असेल तर विस्तवाचे कामच नाही. माशी पितळेच्या तुकड्याने हलकेच ठोकून बाहेर काढतात. लोखंडी हातोडी सरळ माशीवर मारीत नाहीत, कारण मऊ माशी चेपते. नळीच्या तोंडात घट्ट बसेल असा लाकडी खुंट घालतात, म्हणजे पातळ नळीस पोचा पडत नाही. खाच व पाया दोन्ही स्वच्छ करून पाहतात. झीज थोडी असेल तर खाचेच्या दोन्ही कडा हलक्या हातोडीने आतल्या अंगास किंचित दाबून घेतात. तेवढ्याने भागत नसेल तर माशीच्या तळास बारीक टोच्याने तीन-चार ठिपके उठवितात. त्यांभोवती धातूचा उंचवटा येतो व पाया वर रेटला जाऊन कडांत घट्ट बसतो. झीज फार असेल तर पितळेचा वा तांब्याचा अगदी पातळ पत्रा खाचेत घालून त्यावर माशी ठोकतात. माशी हाताच्या बोटाने अर्धी आत जावी व उरलेली अर्धी ठोकून जावी, इतपत ती घट्ट असली म्हणजे काम जमले. सबंध ठोकावी लागली तर ती फार घट्ट आहे. कानशीचे दोन हात पायाला द्यावे. कानस नेहमी माशीस लावावी, नळीच्या खाचेस लावू नये. माशी बिघडली तर दुसरी करता येते, नळी बिघडली तर ती पुन्हा होत नाही.

डाकाची माशी निखळली असेल तर जुना डाक खरवडून, दोन्ही पृष्ठे चकचकीत करून, नवसागर लावून कथलाच्या डाकाने ती पुन्हा बसवितात. येथे कारागिराचा विवेक लागतो. टाकणखार घालून पितळेची झाळ दिली तर जोड अधिक पक्का होतो; परंतु त्यासाठी नळी लाल होईपर्यंत तापवावी लागते, आणि जुन्या, ठोकून सांधलेल्या नळीस ती आंच मानवेलच असे नाही. कथिल थोड्या उष्णतेत वितळते. म्हणून जाणता कारागीर थोडा कमी पक्का जोड पत्करी, पण नळीस धोका होऊ देत नसे.

शेवटी परीक्षा. वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून, एकाच मापाची दारू घालून तीन बार काढतात व गोळ्या कोठे लागल्या ते पाहतात. गोळी डावीकडे जात असेल तर माशी डावीकडेच सरकवावयाची, उजवीकडे जात असेल तर उजवीकडे. गोळी खाली पडत असेल तर माशी कानशीने किंचित उतरावयाची. वर जात असेल तर उंच माशी नव्याने करावी लागते. म्हणून नवी माशी मुळातच थोडी उंच ठेवण्याची चाल होती.

१८७८ हे वर्ष

या कसबाचा शेवट कसा झाला तेही पाहिले पाहिजे. इ. स. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने देशी शिपायांच्या हाती आट्यांच्या नळीची रायफल ठेवणे धोक्याचे मानले, आणि त्यांस गुळगुळीत नळीच्या, साध्या ठराविक खाचेच्या बंदुका दिल्या. पाहावयास तशाच, पण लांब पल्ल्याचा नेम न साधणाऱ्या! पुढे लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत, इ. स. १८७८ मध्ये, हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. दुसऱ्याच वर्षी, १८७९ च्या फेब्रुवारीत, वासुदेव बळवंत फडके यांनी आपल्या बंडातील पहिला छापा शिरूर तालुक्यातील धामारी गावावर घातला. त्यानंतर या भागात खेड्यातील हत्यारांकडे सरकारची नजर किती कडक झाली असेल, याची कल्पना करता येते. लोहाराच्या भट्टीवर बंदूक दिसणे हेच संशयाचे कारण होऊ लागले.

परंतु योगायोग असा की, त्याच १८७८ साली धोंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि भीमथडीतील दौंड हे मोठे जंक्शन बनले. एक दार बंद झाले त्याच साली दुसरे उघडले. रेल्वेला फिटर हवे होते, लोहार हवे होते, पाव सुताचा फरक हाताला कळणारी माणसे हवी होती. ठोकून बसवावयाची खीळ किती घट्ट असावी, तापविलेला जोड किती आंच सोसेल, कानस कोठे लावावी व कोठे लावू नये, हे ज्ञान एंजिनाच्या कामातही तेच आहे. आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांचा भात्यापासून पान्यापर्यंतचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कसब मरत नाही, ते धंदा बदलते, असे मला वाटते.

आजचा कायदा आणि आपले कर्तव्य

स्वराज्यात १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. त्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. परंतु त्याच कायद्याने बंदुकीची दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो, हे आपल्या तरुणांनी पक्के ध्यानात ठेवावे. वर दिलेली रीत इतिहास म्हणून सांगितली आहे. ती वाचून कोणी घरच्या भट्टीवर शेजाऱ्याची बंदूक घेऊ नये. तसेच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे दिवस संपले आहेत, आणि ते बरेच झाले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कित्येक जुन्या घरांत माळ्यावर, कणगीमागे, आजोबा-पणजोबांची बंदूक पडलेली असते. परवाना ज्यांच्या नावे होता ते वारले, आणि कागद कोणी बदलला नाही. अशी बंदूक मुलांच्या हाती लागू देऊ नये. तिच्यात बार असू शकतो, हे वर सांगितलेच आहे. ती स्वतः उघडण्याची वा तापविण्याची खटपट न करता पोलीस ठाण्यात कळवावे व वारसाने कायद्याप्रमाणे पुढील व्यवस्था करावी. आजोबांचा नियम येथेही लागू पडतो : नळी रिकामी आहे असे कोणी सांगितले म्हणून विश्वासू नये.

राहता राहिली नोंदीची गोष्ट. कोरेगावच्या लढाईच्या वर्णनांत सेनापतींची नावे आहेत, स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. ज्यांनी दोन्ही बाजूंची हत्यारे चालती ठेवली त्या कारागिरांची नावे कोठेही नाहीत. इतिहासकारांनी ती लिहिली नाहीत म्हणून रुसून बसण्यात अर्थ नाही. आपल्या घरची माहिती आपणच लिहावयास हवी. म्हणून प्रत्येक ज्ञातिबांधवास नम्र विनंती आहे की, घरातील वृद्धांना विचारून वाडवडिलांची नावे, गाव, ते करीत असलेली कामे, कामाचे शब्द व हत्यारांची नावे एका वहीत उतरून ठेवावीत. जुना भाता, सांडस, कानस, टोचे, डाकाची मूस भंगारात घालू नये. आपल्या संस्थेच्या कार्यालयात द्यावी. पुढील स्मरणिकेत अशी दहा घराण्यांची जरी माहिती आली, तरी या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

फाळ करणाऱ्या हातांनी माशीही बसविली आणि एंजिनही दुरुस्त केले. हे आपल्या मुलांस ठाऊक असावे, एवढीच इच्छा.